चाळीस मिनिटांचा करवती काठ

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असा हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत समज आहे, आणि तो पसरवण्यात माझा स्वतःचाच हात मोठा आहे. घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कुणाचा मोबाइल अडला, कुणाच्या टीव्हीवर माणसं हिरवी दिसायला लागली, की लोक माझ्याकडे येतात. मी सेटिंगमध्ये शिरतो, दोन-चार ठिकाणी टिचकी मारतो आणि त्यांचं काम होतं. लोक म्हणतात, भाऊ, तुमचं डोकं भारी चालते. मला ते ऐकायला आवडतं. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या आवडीपायी झालं.

मागच्या खोलीत बाबांचा हातमाग होता. बाबा करवती काठाच्या साड्या विणायचे. या साडीच्या काठाला करवतीसारखे दात असतात, आणि ते छापलेले नसतात, विणतानाच पडतात. साडीच्या अंगाचा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे दोन वेगळे, असे तीन धोटे एका वेळी सांभाळायचे. बाबांच्या बाजूला जमिनीवर आई चरखा घेऊन बसायची आणि कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. चाळीस वर्षं दोघांचं हेच चाललं. मागावरून साडी उतरली की ती व्यापाऱ्याकडे जायची. आईच्या अंगावर करवती काठ कधी आलाच नाही, आणि तिनं तो मागितल्याचंही मला आठवत नाही.

मग व्यापाऱ्यानं सूत देणं बंद केलं. बाबा काही महिने रिकामे बसले, चिडचिडे झाले, माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांना उगाच सल्ले द्यायला लागले. एक दिवस स्वतःच बाजारातून सूत आणलं आणि मागावर उभ्या दोऱ्यांचा ताणा लावला. आईनं विचारलं, "कोणाची हाय ही?"

"तुही," बाबा म्हणाले. "आता तरी नेस एखादी."

आई उठली. तिनं चरखा पुसून घेतला.

साडी अर्ध्याच्या थोडी पुढं गेली होती तेव्हा बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांवरून कळायचं. पण तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा. आम्ही त्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मागाकडं पाहिलं, मग आईकडं. पदराकडून विणायला घेतलेली ती साडी मागावर तशीच ताणलेली होती. आईनं तिच्यावर एक जुनी चादर टाकली होती.

आमच्या ओळखीत करवत विणणारे आणखी दोनच जण होते. एक वारले होते, दुसरे मुलाकडे सुरतेला राहायला गेले होते. साधं कापड मला येत होतं, लहानपणी शाळा सुटल्यावर विणलेलं. काठ मात्र कधीच आला नाही, कारण मी शिकलोच नाही. मला त्या मागाची लाज वाटायची, हेही खरं आहे. तरी आता मी म्हणालो, ही साडी मी पुरी करतो. मोठ्या रुबाबात म्हणालो. कारण माझ्याकडे व्हिडिओ होता.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका कॉलेजातून तीन माणसं आली होती. मोठा कॅमेरा, तिकाटणं, दिवे. बाबांना विणताना त्यांनी चाळीस मिनिटं चित्रित केलं आणि महिन्याभरानं एका पेन ड्राइव्हमध्ये ती फाइल पाठवून दिली. फुल एचडी, काहीही न काटता, जशी कॅमेऱ्यातून निघाली तशी. ती माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर कधी धड चाललीच नव्हती. आवाज पुढं पळायचा आणि बाबा हात वर धरून थिजलेले दिसायचे. तेव्हा आम्ही हसलो होतो आणि पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता.

आता तो काढला. चित्र तसंच अडखळत होतं. शिवाय बाबांचा हात जोरात हलला की त्याच्या कडेला बारीक बारीक दात दिसायचे. त्या कॅमेऱ्यात एक चित्र दोन हप्त्यांत साठवायची पद्धत होती, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. दोन्ही हप्ते एकत्र दाखवले की हलणाऱ्या वस्तूच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. आई मागं उभी राहून पाहत होती.

"माय वं," ती म्हणाली, "त्याईच्या हातालेच करवत फुटली."

लकव्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं ते तेव्हा.

मग मी सेटिंगमध्ये शिरलो. जुनं मशीन, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून ते सगळं काम मुख्य प्रोसेसरवर आणलं. बफर, म्हणजे पुढचं चित्र आधीच भरून ठेवायचा साठा, तीनशेवरून तीन हजारांवर नेला. दात घालवायला रेघांचा एक हप्ता टाकूनच द्यायचा पर्याय निवडला, कारण मशीनला तोच सगळ्यात हलका पडतो. चित्र थोडं मऊ झालं, पण दात गेले. तरीही अडखळणं संपेना. मग मी त्या भागात गेलो जिथं सहसा कुणी जात नाही, आणि तिथं 'फ्रेम वगळा', म्हणजे मधली काही चित्रं गाळा, अशी एक ओळ सापडली. तिथं शून्य होतं. मी आकडा वाढवला. एक पायरी, मग आणखी एक. आणि व्हिडिओ पाण्यासारखा वाहायला लागला. बाबा विणलेला दोरा घट्ट बसवणारी फणी ठोकत होते, ठक्, ठक्, आवाज आणि हात बरोबर जुळत होते. मी खुर्चीत मागं रेललो. बायको कामावरून आली तेव्हा तिला बोलावून दाखवलं. सेटिंग सेव्ह केलं आणि त्याबद्दल विसरूनही गेलो.

दुपारी दुकानात गर्दी नसायची. तेव्हा मी निम्म्या वेगानं व्हिडिओ लावायचो आणि वहीत टिपून घ्यायचो. कुठल्या फेकीला काठाचा धोटा अंगात किती ताण्यांपर्यंत शिरतो, दात कितीव्या फेकीला रुंद होतो, कुठून परत फिरतो. आठ दिवसांत मला काठाचा हिशेब पाठ झाला. हळू चालवलं तरी वगळलेलं वगळलेलंच राहतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, इतक्या हळू पाहतोय, आता यातून काय सुटणार.

मी मागावर बसलो तेव्हा बाबांची खुर्ची शेजारी आणून ठेवली. पहिल्या दिवशी वीतभर विणलं. दात पडत होते. माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी डावा हात उचलला आणि करंगळी वर केली.

आता करंगळी वर केली की आपल्याकडे माणूस एकच गोष्ट समजतो. मी धोटा ठेवला, त्यांना उचलून बाथरूममध्ये नेलं, बसवलं. काही झालं नाही. परत आणलं. दोन फेकी झाल्या नाहीत तोच पुन्हा करंगळी. पुन्हा नेलं. तिसऱ्या वेळी ते घशातून ओरडले आणि मला डाव्या हातानं ढकललं. मी वैतागलो. म्हणालो, "बाबा, काहून त्रास देऊन राहिले? एकदा काय ते ठरवा ना."

आई दारातून म्हणाली, "अरे, ते तुले कायतरी सांगून राहिले गा."

"लघवी लागली त्यांना."

"आत्ताच तर नेलं होतं तुनं." ती आत आली, मागापाशी वाकली, काठावरून हात फिरवला. मग जरा चाचरत म्हणाली, "नुसता धोटा फेकून होत नाही ते. बोटही लागते बाप्पा."

"कुठं लागते? आई, मी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ निम्म्या वेगानं दहादा पाहिला. त्यात कुठंच बोट नाही. चल, दाखवतो."

मी तिला दुकानात नेऊन खरंच दाखवलं. ती चष्मा पुसून पडद्याजवळ गेली. बाबांचा हात धोटा घेत होता, सोडत होता, फणी येत होती. बोट कुठंच नव्हतं. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "असंल बाप्पा. मी काय विणकर हाय." आणि भाजी चिरायला निघून गेली. मला त्या वेळी जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज ते आठवलं की माझी मलाच घाण वाटते.

त्यानंतर बाबांनी काही दिवस करंगळी वर केली, मी विणत राहिलो. मग मी त्यांची खुर्ची पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर नेऊन ठेवली. म्हटलं, इथं त्यांचा वेळ जाईल. त्यांनी हट्ट केला नाही. हट्ट करायला तोंड लागतं.

साडी दीड महिन्यात पूर्ण झाली. खळ दिलेलं कापड कडक असतं, त्यात काठ असा काही ठसठशीत दिसत होता की माझा भाग कुठं सुरू झाला ते मलाही शोधावं लागलं. शेजारच्या बायका पाहून गेल्या. साडी उतरवल्यावर मी मागही काढला, कारण मागची खोली बाथरूमला लागून होती आणि बाबांचा पलंग तिथं हलवायचा होता. एका दुपारचं काम. पाना घेतला, बोल्ट काढले, खांब मोकळे केले, लाकूड वखारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. फणी आणि धोटे पोत्यात भरून माळ्यावर टाकले. तिथं उंदरांनी फणीची वाट लावली. बाबा पुढच्या खोलीत होते. हातगाडी त्यांच्या समोरूनच गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, झोप लागली.

आईनं साडी धुतली, वाळवली आणि नरखेडकडच्या एका गावी, तिच्या भाचीच्या घरी बारसं होतं, तिथं नेसून गेली. सकाळी निघताना बाबांच्या पलंगापाशी जाऊन उभी राहिली. त्यांनी साडीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पदर त्यांचा होता, निऱ्यांत आला तो माझा भाग. त्यांची नजर निऱ्यांवर थांबली. आई म्हणाली, "बरी दिसते ना?" त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तेव्हाही कळलं नाही.

संध्याकाळी ती परतली तेव्हा निऱ्यांचा बोचका मुठीत धरून चालत होती. सकाळी तिथं एसटीतून उतरतानाच पाय काठात पडला आणि काठ साडीच्या अंगापासून उकलत गेला. हात-दीड हात. तो फाटला नव्हता, एकही दोरा तुटला नव्हता. फक्त सुटला होता, आधीच वेगळा होता तसा. बारशाच्या घरी ती दिवसभर भिंतीला टेकून बसली. ज्या बायका करवत पाहायला जवळ आल्या त्यांना तिनं पदर दाखवला आणि पाय पोटाशी घेतले.

मी पहिलं काय विचारलं असेल? "साबण कोणता लावला होता?" ती आत गेली. लुगडं नेसून आली आणि साडी माझ्यासमोर ठेवली. मी उजेडात धरून पाहिली. बाबांच्या भागात दाताच्या कडेला नख घालून ओढलं, कापड हललं नाही. माझ्या भागात प्रत्येक दाताच्या उभ्या कडेला बारीक फट होती. आत खळ होती तोवर ती फट मिटलेली होती. काठाचा दोरा आपला आपण मागं फिरत होता, अंगाचा आपला. मध्ये एकमेकांत अडकायला काही नव्हतं. असं का झालं ते मला अजून कळत नव्हतं. वहीतला हिशेब मी पुन्हा तपासला. हिशेब बरोबर होता.

पुढच्या रविवारी बहिणीचा नवरा आला. तो कोराडीला वीज केंद्रात आहे. त्याच्याकडे नवा लॅपटॉप होता. बाबांचा जुना व्हिडिओ आहे म्हणून मी कौतुकानं त्याला पेन ड्राइव्ह दिला. त्यानं लावला. एकाही सेटिंगला हात न लावता तो चालू झाला. चित्र इतकं स्वच्छ होतं की बाबांच्या नखातला सुताचा रंग दिसत होता. आणि धोटा हातातून सुटला, त्या क्षणी डावी करंगळी खाली वाकली, अंगाचा दोरा उचलला, काठाचा दोरा त्याच्याखालून घेतला आणि सरळ झाली. फणी आली. दुसरी फेक, पुन्हा करंगळी. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ, पण प्रत्येक फेकीला, न चुकता, चाळीस मिनिटं.

बहिणीचा नवरा काहीतरी बोलत होता. मी उठून माझ्या कॉम्प्युटरवर गेलो आणि 'फ्रेम वगळा'च्या ओळीत पुन्हा शून्य घातलं. व्हिडिओ पूर्वीसारखा अडखळला, थिजला. थिजलेल्या चित्रात बाबांची करंगळी वाकलेली होती. म्हणजे पहिल्या दिवशी, जेव्हा तो नीट चालत नव्हता, तेव्हाही बोट तिथंच होतं. मी ते दूर केलं होतं, चित्र गुळगुळीत व्हावं म्हणून. आणि ज्या माणसानं त्यानंतर रोज मला तेच बोट वर करून दाखवलं, त्याला मी बाथरूममध्ये नेऊन बसवत होतो.

लॅपटॉप घेऊन मी मागच्या खोलीत गेलो. बाबांच्या पाठीला उशी लावली आणि तो त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला. आई पलंगाच्या खाली जमिनीवर बसली, पूर्वी चरखा असायचा त्या जागी. मी म्हणालो, "बाबा, दिसलं मला. माझं चुकलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. रागही नव्हता. ते व्हिडिओ पाहत होते.

ठक्, ठक्. थोड्या वेळानं चादरीवरची त्यांची डावी करंगळी हलायला लागली. फेकीबरोबर वाकायची, फणीबरोबर सरळ व्हायची. मला तिच्याकडं पाहवेना म्हणून नजर खाली नेली, तर आईचा हात तिच्या मांडीवर होता आणि तिचीही करंगळी तशीच, त्याच वेळी, त्याच वळणानं वाकत होती. पडद्यावरच्या बोटाच्या केसभरही मागं नाही. तिला ते माहीतही नव्हतं. ती चष्म्यातून पडद्यावरच्या नवऱ्याकडं पाहत होती.

"आई," मी विचारलं, "तुला येत होतं हे?"

"चाळीस वर्सं बाजूले बसली ना मी," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "येतच असंल."

एकजण बोलू शकत नव्हता, दुसरीला मी बोलू दिलं नव्हतं, आणि माग मी माझ्या हातानं खोलून वखारीत दिला होता. आता तिला येऊन उपयोग नव्हता, मला दिसून उपयोग नव्हता. मला ते सहन झालं नाही. मी पुढं वाकून व्हिडिओ थांबवला. दोघांची बोटं आणखी एकदा वाकली आणि मग थांबली.

"काहून बंद केलं गा?" आई म्हणाली. "पाहून राहिलो ना आम्ही."

मी पुन्हा सुरू केला.